सराट्याचं मैदान अन् गोजरबाईची चप्पल

गोजरबाई आता कबूल करते, अन् कबूल करता करता पदर तोंडात कोंबून हसते. पहिल्या दिवशी इंद्रभान सरायले पाहून तिले वाटलं होतं, या माणसाचं सोनं सांडलं.

तीस वर्षं झाली त्या गोष्टीले. देऊळगाव राजाच्या कॉलेजचं मैदान, अन् मैदानाच्या फाटकाले चिकटून गोजरबाईची चहाची टपरी. सकाळचे सात वाजले असतील. मैदानात एक लंबुळका माणूस उकिडवा बसलेला. अंगात बनेन, खाली चड्डी, पायात काही नाही. जमिनीवरून काहीतरी चिमटीत उचलते, रुमालात ठेवते, एक पाऊल पुढं सरकते, पुन्हा उचलते.

गोजरबाई तवा पस्तिशीची. डोकं असं तेज, की दुसऱ्याच्या घरात काय शिजून राह्यलं ते हिले भिंतीपल्याडून समजे. तिनं तिथंच ताडलं, याच्या बायकोची पोत तुटली अन् सोन्याचे मणी सांडले. मंग काय बाप्पा! स्टो बंद केला, पदर खोचला अन् मैदानात गेली. एखादा मणी आपल्या पायाखाली आला, त कोण पाह्यते?

"भाऊ, मी मदत करू का?" ती मोठ्या मायेनं म्हणाली.

त्या माणसानं मान वर करून पाह्यलं. "करा नं बाई. तुमी डाव्या अंगाची पात धरा."

निंदणाले बसल्यावर बाया जशी आपापली पात धरतात, तशी हिनं धरली. तासभर सरकली. मणी काही दिसला नाही. उठाले गेली त टाचेत असं काही घुसलं, की "आई वं!" म्हणून खालीच बसली. त्या माणसानं सुईनं तिच्या टाचेतला काटा काढला, अन् रुमाल उघडून त्याच्यात टाकला. रुमालात सगळे काटेच. सराटे! एवढुसा गोळा, पण कसाही पडला तरी एक टोक वरच.

"अन् सोनं?" गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं.

"कोणतं सोनं?"

आता काय सांगावं? ती लंगडत टपरीवर आली, अन् दुपारपर्यंत अर्ध्या गावाले समजलं, की कॉलेजनं पोरायले खेळ शिकवाले एक येडा मास्तर आणला. दुसऱ्या दिवशी तोच मास्तर गळ्यात शिट्टी घालून चहा प्याले आला, अन् पहिलाच घोट घेऊन म्हणाला, "बाई, साखर जास्त झाली." गोजरबाईनं तिथंच ठरवलं, याच्याशी आपलं जमणार नाही. तीस वर्षं झाली, जमलं नाहीच. रोज दोनदा भांडण होते.

सर मूळचे जानेफळचे. त्यायची माय दुसऱ्याच्या वावरात निंदणाले जाये. हे लहानगं पोरगं मायच्या पातीच्या बाजूले आपली वीतभर पात धरून सरके. माय सांगे, "तण फुलावर असते तवाच उपटावं बापा. बी पडू देलं त आपली मेहनत मातीत." खेळ नंतर आला. आधी चिंध्यायचा चेंडू, मंग मेहकरच्या शाळेत खरा फुटबॉल, मंग अमरावतीले शिक्षण. सगळं शिकून नोकरीवर आले, त इथं मैदान असं, की बैल सोडला त तोही लंगडत घरी जाईन. अन् अर्ध्या पोरायजवळ बूट नाहीत. पोरं अनवाणी पळायची अन् दहा पावलायवर एक पाय उचलून नाचायची.

सरायनं कोणाले अर्ज केला नाही, कोणावर चिडले नाहीत. पोरायले एका ओळीत उकिडवं बसवलं. "या गोलपासून त्या गोलपर्यंत. ज्याची पात मागं राह्यली, तो आज जाळी बांधीन." रोज अर्धा तास काटे, मंग फुटबॉल. बाहेरगावचे लोक हसत. एकदा अमरावतीले विद्यापीठाच्या सामन्याले गेले, त पोरं सवयीनं तिथल्याही मैदानात उकिडवी बसली अन् सरकाले लागली. तिथलं मैदान गालिच्यासारखं, काटा औषधाले नाही. लोक पोट धरून हसले. सामना तीन गोलनं हरले तो वेगळाच. पण दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या पोरायचे पाय गळाले अन् आपली पोरं पळतच राह्यली. उकिडवं सरकून सरकून मांड्या झाल्या होत्या लोखंडाच्या.

खरं सांगायचं त सरायनं कप लय जिंकले नाहीत. तीस वर्षात एक. तो गोजरबाईच्या टपरीत आहे, त्याच्यात ती अद्रक ठेवते. सरायनंच देला. म्हणाले, "कपाटात बसून काय करन? इथं पोरायच्या नजरेसमोर राहू दे."

मैदान साफ झाल्यावर दुसरा कायदा निघाला. सराटा चपलेच्या रबरात घुसून येते, म्हणून फाटकात चपला काढायच्या. तिथं एक पोतं टाकलेलं. बूटवाल्यानं तळवे त्याच्यावर घासायचे, चप्पलवाल्यानं चप्पल काढायची. प्राचार्य असो, पोलीस असो, नाहीत नवरदेव असो. बालाजीच्या दारात उभं राहावं तसे लोक तिथं एका पायावर उभे.

एकटी गोजरबाई चपलेसकट आत जाये.

"माह्या हातात चहाचा ट्रे राह्यते सर. चप्पल कोणत्या हातानं काढू?"

"बाई, सगळ्यात जास्त काटे फाटकापासून माह्या बाकड्यापर्यंतच सापडतात. तुमच्याच रस्त्यावर. ते तुमच्या चपलेतूनच येतात."

"माही चप्पल कायले आणन? वारा आणते."

"वारा सरळ रेषेत चहा घेऊन येते का?"

"दाखवा मंग माह्या चपलेत काटा!"

इथं येऊन सर माघार घेत. बाईमाणसाले पाय उचला, चप्पल दाखवा, असं म्हणणारा तो माणूसच नाही. गोजरबाईले हे चांगलं माहीत. म्हणून ती दर वेळी बरोबर याच जागी आवाज चढवे, अन् जिंकून निघून जाये.

पोरी खेळाले आल्या तेही सरायमुळंच. दुसरबीडच्या भाऊरावची पोरगी हरणीसारखी पळे, पण भाऊराव म्हणे, "पोरगी मैदानात पळन अन् लोक पाहतीन? जमत नाही." सर तीन रविवार त्याच्या घरी गेले. फुटबॉलचा शब्द काढला नाही. पहिल्या रविवारी त्याच्यासंग तुरीच्या शेंगा सोलल्या. दुसऱ्या रविवारी त्याच्या अंगणातले सराटे उपटले. तिसऱ्या रविवारी भाऊरावच वैतागून म्हणाला, "मास्तर, आता माह्या घरचं भांडं घासाचं बाकी राह्यलं तुमचं. घेऊन जा पोरीले, पण संध्याकाळच्या एसटीत बसवून देजा." सरायनं बसवून देलं. एक दिवस नाही, चार वर्षं. स्टँडवर उभे राहून, एसटी हलेपर्यंत. पुढं तोच भाऊराव सामन्याले येऊन पंचाले इतक्या शिव्या देये, की सरायले त्याले टपरीवर आणून बसवावं लागे.

अन् गोजरबाईची गोष्ट त वेगळीच.

एकोणीस वर्षापूर्वीची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. गोजरबाईचं घर नाल्यापल्याड. तिच्या सुनेले सकाळीच कळा लागल्या, अन् नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, कमरेएवढं पाणी. अँब्युलन्स अलीकडं उभी, सून पलीकडं. पोरगा गोकुळ नुसता इकडून तिकडं पळून राह्यला. गोजरबाईनं पलीकडूनच अशी बोंब ठोकली, की मैदानात काटे वेचणाऱ्या पोरायले ऐकू गेली.

सर आले. पाणी पाह्यलं. पोरायले म्हणाले, "गोलची जाळी सोडा." जाळी दुहेरी केली, चार वळकट्या टाकल्या, झाली झोळी. गावातले दोन पोहणारे गडी दोर धरून पाण्यात उभे, आठ पोरायनं झोळी खांद्यावर घेतली, अन् सर पुढं, तोंडात शिट्टी. एक शिट्टी, एक पाऊल. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाऊल. कोणाचा पाय दुसऱ्याच्या आधी उचलला नाही. पोरायचे पाय अनवाणी, म्हणून दगडावरून सरकले नाहीत. गोजरबाई काठावर हात जोडून उभी, एकेक शिट्टी मोजून राह्यलेली.

दुपारी दवाखान्यात नात झाली. अश्विनी.

जाळीले तवा एक भोक पडलं. सरायनं ते सुतळीनं शिवलं, पण गाठ जराशी ढिली राह्यली. अजूनही कधी चेंडू त्याच्यातून पल्याड जाते, अन् गोल झाला का नाही याच्यावर पोरं भांडतात. नवी जाळी घ्या म्हटलं त सर म्हणत, "राहू द्या. त्याच्यातून एक गोल आरपार आला होता, सात पौंडाचा."

तोच गोल आता मुलीयच्या टीमची कॅप्टन आहे. आजीसारखीच तोंडाळ. सामन्यात चेंडू कमी मारते, सूचना जास्त देते.

आता या नोव्हेंबरच्या तीस तारखेले सर रिटायर होणार. गुडघे पार गेले. जन्मभर उकिडवं सरकणाऱ्याचे गुडघे ते, किती टिकतीन? पोरगा रवी पुण्यात आहे, त्यानं ऑपरेशनची तारीख घेतली. सहा महिने सर अन् त्यायची बायको अन्नपूर्णाबाई पुण्यालेच राहणार. सरायच्या जागेवर नवा मास्तर कवा येईन, कोणाले माहीत नाही. अन् सराटा कोणाची वाट पाह्यत नाही. एक हंगाम दुर्लक्ष झालं, की तीस वर्षायची मेहनत गेली.

संस्थेचे सचिव उत्तमराव म्हंजे सरायच्याच पहिल्या टीमचा गोलकीपर. तवा पोट नव्हतं, आता गोलमध्ये उभा केला त चेंडूले जागाच उरणार नाही. त्यानं सत्काराची जंगी तयारी केली. शाल, श्रीफळ, मानपत्र, मोठा फ्लेक्स, अन् मैदानाच्या मधोमध मांडव. मांडवाचे खड्डे खणाले माणसं आली अन् सरायनं ती फाटकातूनच वापस लावली.

उत्तमराव घामाघूम होऊन टपरीवर आला. "मावशी, सर सत्काराले येत नाही म्हणून राह्यले. पाहुणे सांगून झाले. आता तुमीच काही करा."

"मी कायले करू? माह्यासंग त त्यायचं रोज भांडण."

"म्हणून त! बाकी कोणासंग ते भांडतच नाहीत."

गोजरबाई संध्याकाळी सरायच्या घरी गेली. सर खाटेवर पाय लांब करून बसलेले, अन् अन्नपूर्णाबाई गुडघ्याले तेल चोळून राह्यलेल्या.

"काऊन येत नाही हो सत्काराले? भाव खाऊन राह्यले का?"

"बसा बाई. शाल घेऊन मी काय करू? पुण्यात पांघरू?" सर हसले, पण ते हसू काही डोळ्यापर्यंत गेलं नाही. "मले एक सांगा. एक तारखेले सकाळी सात वाजता फाटकात कोण उभं राहीन? चपला कोण काढाले लावन? पोरायले पातीले कोण बसवन? याचं उत्तर द्या, मी सत्काराले येतो. नाहीत शाल पांघरून मैदानाच्या मयतीले आल्यासारखं होईन."

अन्नपूर्णाबाईचा हात थांबला. "चार दिवसांपासून झोप नाही यायले," त्या हळूच म्हणाल्या. "झोपेत बोटं हालतात. काटे वेचतात."

गोजरबाईले कसंतरी झालं. असं झालं की ती भांडण उकरून काढते. "तुमाले वाटते सगळे काटे लोकच आणतात."

"लोक नाही. तुमी."

"पुन्हा माह्यावर आले! दाखवा माह्या चपलेत काटा. दाखवला, त मी राखते तुमचं मैदान! रोज सकाळी सात वाजता फाटकात बसते. अन् नाही दाखवला, त सगळ्या गावासमोर म्हणायचं, गोजरबाई, तीस वर्षं मी उगाच बोललो."

सरायनं खाटेवरून पाय खाली घेतले. "वचन?"

"वचन!"

"मंग येतो सत्काराले. पण मांडव फाटकाबाहेर. अन् पाहुणे अनवाणी."

गोजरबाई घरी गेली अन् आपली चप्पल उलटी करून पाह्यली. देवा रे! चाळणीले भोकं नसतीन तितके काटे. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. तिनं कोरी करकरीत चप्पल घेतली, निळ्या पट्ट्याची, अन् सत्काराच्या सकाळपर्यंत ती पिशवीतून काढली नाही. काढ म्हणा आता काटा!

तीस तारखेले सत्कार झाला. मांडव रस्त्याच्या कडेले, अन् सतरंज्या मैदानात. पाहुण्यायले फाटकात बूट काढावे लागले. उत्तमरावच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, तो बिचारा पूर्ण कार्यक्रमात एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा. भाऊराव दुसरबीडहून आला, सोबत पोरगी, जावई अन् दोन नातवं. ज्या आठ पोरायनं झोळी उचलली होती त्यायच्यातले सहा आले होते, पिकाले लागलेल्या मिशा घेऊन. मानपत्र वाचलं, शाल पांघरली. मंग उत्तमराव म्हणाला, "आता गोजरामावशी दोन शब्द बोलतील."

गोजरबाईनं माइक घेतला. सोन्याच्या मण्यायची गोष्ट सांगितली, हसता हसता डोळे पुसले. अन् मंग आवाज चढवला. "आता मंडळी, साक्षीले बसा. सर म्हणतात, या मैदानात काटे मी आणते. आज मी पहिल्यांदा फाटकात चप्पल काढली. तठीच आहे. ज्याले पाह्यचं त्यानं पाह्यावं!"

तिनं विजयी नजरेनं सरायकडं पाह्यलं. सरायनं फाटकाकडं बोट केलं. ते फक्त म्हणाले, "अश्विने, आजीची चप्पल आण बरं."

कार्टी अशी पळाली, जशी सामन्यात कधी पळाली नाही. चप्पल आणली, सगळ्यायसमोर उलटी धरली, अन् किंचाळली, "आजी! किती वं हे!"

कोरं रबर, लोण्यासारखं मऊ. जुन्या चपलेचा तळ तरी झिजून कडक झाला होता. हिच्यात जो काटा आला तो टोकापर्यंत घुसला.

सतरंज्यायवर हसू फुटलं. उत्तमराव त दोन्ही पाय खाली ठेवून हसला.

"ही चप्पल कवा घेतली बाई?" सरायनं विचारलं.

"बाजारच्या दिवशी," गोजरबाई पुटपुटली.

"पायात कवा घातली?"

"आज सकाळी."

"अन् कुठून कुठपर्यंत चालल्या?"

"घरून इथपर्यंत."

"म्हंजे जुनी चप्पल असती, त तुमी म्हणाल्या असत्या, हे काटे मागचे आहेत, कुठूनही आले. ही त तुमच्या दारातून माह्या फाटकापर्यंत एकदाच चालली." सरायनं शाल खांद्यावर नीट केली. "अश्विने, मोज."

"एक, दोन, तीन..." पोरगी मोजाले लागली. "सात!"

गोजरबाईनं चप्पल हिसकली, डोळ्याजवळ नेली. वचन त गेलंच होतं हातातून. उद्यापासून सकाळी सात वाजता फाटकात बसणं आलं, पोतं झाडणं आलं, प्राचार्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यायसंग भांडणं आलं. तसं हे शेवटचं तिले काही जड जाणार नव्हतं. पण इतक्या सहज हार मानाची म्हंजे काय?

"सात नाही, सहा!" ती म्हणाली. "हा काही काटा नाही. खडा आहे."

"काटा आहे."

"खडा!"

"बाई," सर म्हणाले, "अंगठा ठेवून दाबून पाहा."

गोजरबाईनं दाबला.

"आई वं!"

"सात," सर म्हणाले.